परदेशात कपड्यांबद्दल बोलताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ पॅन्टचा होतो. आपल्याकडे आणि अमेरिकेत पॅन्ट म्हणजे पॅन्ट, पण लंडनच्या ऑफिसात "पावसात पॅन्ट्स भिजल्या" असं इंग्लिशमध्ये सांगितलंत की समोरचा हसू दाबत बसतो, कारण तिथे पॅन्ट्स म्हणजे आतली चड्डी. ट्राउझर्स म्हणा, विषय संपला. मँचेस्टरच्या बाजूला काही जण ट्राउझर्सनाच पॅन्ट्स म्हणतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ. आणि तुमचं प्रेझेंटेशन "पॅन्ट्स" होतं असं कोणी ब्रिटिश माणूस म्हणाला तर कपड्यांकडे बघू नका, भिकार होतं म्हणतोय तो.

व्हेस्ट आपण ब्रिटिशांसारखंच वापरतो, म्हणजे बनियन. अमेरिकन साइटवर मात्र व्हेस्ट म्हणजे सुटाच्या आतलं जाकीट, त्यामुळे लग्नाचा ड्रेसकोड अमेरिकन मित्राने पाठवला असेल तर घाबरू नका, बनियनवर कोणी बोलवत नाहीये. सस्पेंडर्सचंही तेच, अमेरिकेत पॅन्ट खांद्यावरून धरून ठेवणारे पट्टे, ब्रिटनमध्ये बायकांचे स्टॉकिंग्ज वर धरणारे, तिथल्या पुरुषांच्या पट्ट्यांना ब्रेसेस म्हणतात (आपण ब्रेसेस म्हटलं की दात आठवतात ते वेगळंच).

कमरेच्या पाउचला अमेरिकेत फॅनी पॅक म्हणतात, तिकडे फॅनी म्हणजे बूड. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात तोच शब्द बायकांच्या गुप्तांगासाठीची शिवी-छाप बोली आहे, तेव्हा दुकानात जाऊन मोठ्याने मागू नका, बम बॅग म्हणा.

थाँग्ज तर माझी सगळ्यात आवडती गंमत. बाकी जगात ती अगदी तोकडी अंतर्वस्त्रं, ऑस्ट्रेलियात साध्या अंगठ्याच्या रबरी चपला, म्हणून सिडनीतल्या बार्बेक्यूला थाँग्ज घालून ये म्हणाले तर चपला घालून जा, बाकी काही बदलायची गरज नाही. न्यूझीलंडवाले त्यांनाच जँडल्स म्हणतात.

नवीन पोरांच्या भाषेत फिट म्हणजे आउटफिट, "नाइस फिट" म्हणजे कपडे भारी जमलेत. पण ब्रिटनमध्ये माणसालाच "फिट" म्हटलं की तो किंवा ती दिसायला आकर्षक, मग जिममधल्या मैत्रिणीला कौतुकाने "यू आर फिट" म्हणायच्या आधी जरा थांबा. बोलून झालंच असेल तर लगेच व्यायामाचा विषय काढा.