व्हायरस आला की लगेच फॉरमॅट मारू नका, आधी या चुका टाळा

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय हे कळलं की माणूस घाबरतो आणि सुचेल ते करत सुटतो, आणि खरं नुकसान बऱ्याचदा त्या पहिल्या तासातल्या घाईनं होतं. मी स्वतः केलंय हे. फाइल्सची नावं डोळ्यांसमोर बदलत होती आणि मी उरलेलं तरी वाचवू म्हणून बॅकअपची हार्डडिस्क लावली, तर तिच्यावरचे फोटोही लॉक झाले. रॅन्समवेअरला, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसला, जी डिस्क दिसते ती त्याचीच, एवढं डोक्यात ठेवा.

म्हणून आधी वायफाय बंद, लॅनची केबल काढा, पेनड्राईव्ह, हार्डडिस्क जे काही लावलेलं असेल ते काढून घ्या. क्लाउडला सिंक चालू असेल तर लॉक झालेल्या फाइल्स तिकडेही चढतात, पण तिथं बहुतेक वेळा जुनी व्हर्जन्स काही दिवस राहतात, नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून व्हर्जन हिस्टरी बघा. नावं अजून बदलतच असतील तर मी तरी सरळ पॉवर बंद करेन. पण पैसे मागणारा मेसेज येऊन सगळं थांबलं असेल तर घाईनं रीस्टार्ट नको. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरमध्ये काही जुन्या विंडोजवर लॉक उघडायच्या किल्लीचे तुकडे मेमरीत उरायचे आणि त्यावरून फाइल्स उघडायचं टूलही निघालं, पण ज्यांनी रीस्टार्ट केलं होतं त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि त्या मेसेजचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कुठला व्हायरस आहे ते त्यावरूनच शोधायचं असतं.

पैसे भरू का, हे सगळेच विचारतात. नका भरू. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा असाच व्हायरस आला तेव्हा स्क्रीनवर जो आयडी दिसायचा तो नुसताच रँडम होता, त्यावरून किल्ली काढणं हल्लेखोरांनाही शक्य नव्हतं, म्हणजे भरलेले पैसे पाण्यातच. त्यापेक्षा नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, युरोपोल (युरोपियन युनियनची पोलीस संस्था) आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सिक्युरिटी कंपन्यांना घेऊन २०१६ ला सुरू केलेली आहे, बऱ्याच रॅन्समवेअरची डिक्रिप्टर, म्हणजे लॉक उघडणारी, टूल्स तिथं फुकट मिळतात. आज नाही मिळालं तर नंतर येऊ शकतं, त्यामुळे लॉक झालेल्या फाइल्स डिलीट करू नका, एका वेगळ्या डिस्कवर टाकून ठेवा. फॉरमॅट मारून मोकळे झालात तर टूल आलं तरी उघडायला काही उरलेलं नसेल.

पेनड्राईव्हवर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत तर लोक रिकामा समजून फॉरमॅट करतात. अहो, फाइल्स तिथंच असतात, फक्त लपवलेल्या! शॉर्टकटवर क्लिक करू नका, फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि सिस्टिम फाइल्स लपवायची टिक काढा, मग दिसतात.

पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलणं ही तर फारच कॉमन चूक, कीलॉगर (तुम्ही टाइप केलेलं चोरून नोंदवणारा प्रोग्राम) असेल तर नवीन पासवर्डही लगेच चोराकडे जातो. दुसऱ्या, स्वच्छ डिव्हाइसवरून बदला, आणि आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथंच येतात. आणि एवढ्यावर थांबू नका हो, हल्लीचे व्हायरस ब्राउझरमधल्या कुकीज (तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी माहिती) उचलतात, म्हणजे ओटीपी न देताही चोर तुमच्या अकाउंटमध्ये बसलेला असू शकतो, म्हणून सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा.

एकावर एक दोन-तीन अँटीव्हायरस टाकू नका, ते एकमेकांत भांडतात आणि मशीन स्लो होतं ते वेगळंच. विंडोजमध्ये डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे, तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो त्यामुळे लपून बसलेलंही सापडण्याची शक्यता जास्त. (रॅन्समवेअर असेल तर मेसेजचा फोटो आणि लॉक झालेल्या फाइल्सची कॉपी घेतल्यावरच हे करा.)

शेवटी फॉरमॅट करावंच लागलं तर नंतर जुन्या डिस्कवरून फक्त फोटो, डॉक्युमेंट्स घ्या, तेही स्कॅन करून. जुने सेटअप आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर्स अजिबात परत टाकू नका, बऱ्याचदा व्हायरस त्यातूनच आलेला असतो.