कसुतीचा पहिला नमुना: गाठ न मारता, दोन्ही बाजूंनी सारखा

सांगली-मिरजेकडे इरकल आणि खण घरोघरी असतात. मात्र त्यावर बसणारी कसुती, म्हणजे धारवाडकडचा कर्नाटकी कशिदा, विकतच घ्यायची असं बऱ्याच जणींनी ठरवून टाकलेलं असतं. मोजता येत असेल तर कसुती येते. इथे कापडावर चित्र छापायचं नसतं, धागे मोजून टाका घालायचा असतो.

सुरुवात साडीवर करू नका. सांगलीच्या कापड पेठेतून किंवा मिरजेच्या लक्ष्मी मार्केटातून वीतभर मॅटी, म्हणजे भरतकामाचं जाड विणीचं कापड, आणा. तिच्यावर चौकोनी घरं स्पष्ट दिसतात. बोथट टोकाची सुई, रिंग आणि भरतकामाच्या सुती दोऱ्याची एक लडी एवढं पुरे. लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच सुईत ओवा. दोरा हातभर घ्या, लांब घेतला की गुंततो आणि त्याची चमकही जाते.

कसुतीचे टाके चार. गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, मुर्गी पायऱ्यापायऱ्यांची, नेगी विणकामासारखी दिसणारी आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका. आधी फक्त गवंती शिका. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी यांच्या रेषा हिच्यातच काढता येतात.

दोऱ्याला गाठ मारायची नाही. चार बोटं शेपूट मागे सोडा. सुई वर काढा, एक घर ओलांडून खाली घाला, पुढचं घर मागून ओलांडून पुन्हा वर काढा. अशी वीस घरं जा. रेष तुटक दिसेल, दिसू द्या. आता त्याच भोकांतून उलटं परत या आणि रिकामी घरं भरा. परतताना सुई जुन्या टाक्याच्या नेहमी एकाच अंगाने घाला, नाहीतर सरळ रेष करवतीसारखी दिसते. शेवटी दोन्ही शेपटं मागच्या टाक्यांखालून ओवून कापा.

खरी गंमत फांदीत आहे. रेषेवर एक उभा टाका हवा असेल, तर सुई मुळाशी वर आलेली असताना टोकाला खाली घाला आणि मागच्या बाजूने पुन्हा मुळाशी वर या. फांदी दोन्हीकडून भरली आणि दोराही पुढच्या टाक्यासाठी जागेवर आला. फांदीला उपफांदी असेल, तर आधी तीही अशीच पुरी करून मुळाशी परता. म्हणूनच चौकटीच्या वहीत नमुना काढून दोऱ्याची वाट पेन्सिलीने आखून ठेवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण वाट चुकली की मागच्या बाजूला लांब दोरे लोंबतात आणि सगळं उसवावं लागतं. बाजारात ‘कसुती’ म्हणून नुसती फुलीची नक्षी किंवा मशीनचं काम खपवतात. गवंतीची रेष आहे असं सांगितलं, तर पदर उलटा करून बघा, ती दोन्हीकडून सारखीच दिसायला हवी.

मुर्गीची रीतही हीच, फक्त एक टाका आडवा आणि एक उभा. नेगी आणि मेंथीची मागची बाजू पुढच्यासारखी येत नाही, त्यांच्याबाबत हा हट्ट नको. हत्तीसारखी भरीव आकृती नेगीत खुलते.

हात बसला की साडी घ्या. संक्रांतीची काळी चंद्रकळा फार मोह घालते, पण काळ्यावर धागे मोजणं दिवसा उजेडातच जमतं. सोपा उपाय म्हणजे कापडावर जाळीचं कापड टाचून त्याची घरं मोजत भरायचं आणि नमुना झाला की जाळीचे धागे चिमट्याने एकेक ओढून काढायचे. सुती साडीवर जाळी थोडी ओली केली तर ते सहज निघतात. रेशमी साडीवर मात्र पाण्याचा डाग राहू शकतो, तिथे कोरडेच ओढा. लाल आणि हिरवा दोरा भरण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून त्याचा रंग सुटतो का ते बघा.

पहिल्याच साडीला अख्खा पदर घेऊ नका. काठालगत गोपुरांची एक ओळ घ्या, आणि संक्रांतीला नेसायची असेल तर दिवाळीचा फराळ संपायच्या आत सुई हातात धरा.