कुठल्या दाराला केवढं कुलूप

इंदूरच्या सराफ्यात रात्री दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस नि जलेबी सुरू होते. सोनं आत तिजोरीत, कढई बाहेर उघड्यावर. मोबाईलमधल्या ऐवजाचीही आधी अशी वाटणी करावी. सगळ्यालाच तिजोरीचं कुलूप लावणारा आठवड्याभरात कंटाळतो आणि मग सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, बहुधा नातवाचं नाव नि जन्मसाल.

कागदावर दोन प्रश्न लिहा. काय गेलं तर झोप उडेल? आणि ते नेणारा कोण? दुसरा प्रश्न सहसा राहूनच जातो. दूरच्या ठगापासून वाचायचं असेल, तर पासवर्ड डायरीत लिहून कपाटात ठेवणं चालतं. तो काही रामबागेत येऊन तुमचं कपाट उघडणार नाही. भीती घरातल्याच कुणाची किंवा भंवरकुआँला खोलीत सोबत राहणाऱ्याची असेल, तर मात्र डायरी नको. तिथे फोनचा पिन बदला, बोटांच्या ठशांच्या यादीत परका ठसा नाही ना ते पाहा आणि व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधली अनोळखी उपकरणं काढून टाका.

तिजोरीत काय जातं? बँकेच्याही आधी मोबाईल नंबर आणि ईमेल. बाकीचे बहुतेक पासवर्ड या दोघांच्या जोरावर बदलता येतात.

फोन हरवला की त्यातलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवता येतात, स्क्रीन-लॉक कितीही पक्कं असो. म्हणून सिमला पिन लावा. मूळ पिन मात्र कंपनीकडून विचारून घ्या, अंदाज करू नका: ३ वेळा चुकलं की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कंपनीकडचा आकडा मागतं, आणि पीयूके १० वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असं जाऊन ६ आकडी पिन ठेवा. सोबत ईमेल नक्की जोडा. नाहीतर पिन विसरल्यावर ७ दिवस थांबावं लागतं.

गुगल खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावताना ऑथेंटिकेटर ॲप एसएमएसपेक्षा बरं, कारण त्याचा कोड नंबरवर येत नाही, फोनमध्येच तयार होतो. लोक अडकतात ते फोन बिघडल्यावर. त्यासाठी गुगल १० बॅकअप कोड देतं. प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा. त्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवले, तर फोनबरोबर तेही गेले.

यूपीआय आणि कार्ड तिजोरी नि ओटा यांच्या मधल्या थरातली. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बँकेच्या ॲपमधून ते बंद ठेवा. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं काढून त्यात थोडेच पैसे ठेवणं हा सगळ्यात स्वस्त बंदोबस्त. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, एवढं दुकानातल्या पोरालाही सांगून ठेवा.

फोटोकॉपीच्या दुकानात आधार व्हॉट्सॲपवर पाठवलं की ते दुकानदाराच्या फोनमध्ये राहतं. चालणार असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

रेसिपीच्या नि बातम्यांच्या साइटी म्हणजे ओटा. तिथे नाव अर्धवट, जन्मतारीख खोटी दिली तरी बिघडत नाही. पासवर्ड फक्त तिजोरीतला वापरू नका, कारण अशा साइटीवरून फुटलेला पासवर्ड चोर आधी ईमेलवर लावून बघतात.

एक गोष्ट कुठल्याच थरात बसत नाही: लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर पळतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. शेवटी 'एपीके' दिसलं तर उघडू नका, मग पाठवणारी सख्खी मावशी का असेना. तिचाच फोन फसलेला असू शकतो, तिला फोन करून सांगा.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, मग बँक. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत ते गोठवता आले तरच परत मिळायची आशा, म्हणून नातेवाइकांना विचारत बसू नका. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा.