लिक्विड कूलर असूनही पीसी तापतोय? या चुका टाळा

एका पीसीवर गेम सुरू केला की दहा-पंधरा सेकंदांत प्रोसेसर ९५ अंशांवर जातो. दुसऱ्या पीसीवरही तोच ९५ चा आकडा दिसतो, पण अर्धा तास खेळल्यावर. दोघांचेही मालक दुकानात जाऊन एकच मागणी करतात: २४० मिमीचा रेडिएटर (पाणी गार करणारी, पंखे लावलेली जाळी) काढा, ३६० चा लावा. पहिल्याचे पैसे हमखास वाया जाणार, कारण त्याच्या रेडिएटरपर्यंत उष्णता पोचतच नाहीये.

तापमान किती चढलं यापेक्षा किती वेळात चढलं, हे आधी बघा. प्रोसेसरची उष्णता त्याच्यावर लावलेल्या थर्मल पेस्टमधून वर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमध्ये जाते, तिथून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरमध्ये आणि शेवटी खोलीच्या हवेत. पाणी सावकाश तापतं. ते एका तापमानावर स्थिरावायला वीस-तीस मिनिटं सहज लागतात. म्हणून आकडा काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत टोकाला गेला तर पेस्ट, ब्लॉकची पकड किंवा पंप, यांपैकी काहीतरी बिघडलंय. हळूहळू चढत गेला तर पाणीच तापतंय. तिथे रेडिएटर, पंखे, धूळ आणि खोलीची हवा तपासायची. पाच मिनिटांच्या टेस्टवर ‘सगळं ओके’ म्हणून मोकळं होणं ही म्हणूनच मोठी चूक आहे. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सिनेबेंच निदान अर्धा तास फिरवा आणि शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा.

एक अपवाद लक्षात असू द्या. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर, उदाहरणार्थ ७९५०एक्स, सगळ्या कोअरवर पूर्ण भार आला की ९५ अंशांपर्यंत जातातच. एएमडीने ते तसेच बनवले आहेत. तिथे आकड्याला घाबरू नका, क्लॉक स्पीड, म्हणजे प्रोसेसरचा काम करण्याचा वेग, घसरतोय का ते बघा.

पंपाची केबल कुठे लावली आहे?

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. कारखान्यातच पाणी भरून तयार मिळणाऱ्या एआयओ (ऑल-इन-वन) कूलरमध्ये पंप बहुधा प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये असतो. त्याची केबल मदरबोर्डवरच्या ‘एआयओ पंप’ किंवा ‘पंप फॅन’ लिहिलेल्या पिनांवर लावायची आणि बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तिथला वेग पूर्ण ठेवायचा. अनेकजण ती ‘सीपीयू फॅन’वर लावतात. मग सायलेंट मोडमध्ये बोर्ड पंपालाही साध्या पंख्यासारखं मंद करतो. उलट ‘सीपीयू फॅन’ रिकामा सोडला तर चालू होताना बऱ्याच बोर्डांवर फॅन एरर येते. तिथे रेडिएटरचे पंखे लावा. काही कूलरांमध्ये पंपाला वीज पॉवर सप्लायकडून येणाऱ्या साटा केबलमधून मिळते आणि बोर्डावर येणारी बारीक वायर फक्त फेरे मोजते. साटा लावायची राहिली की पंखे फिरतात, दिवे लागतात, पंप मात्र बंद. बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित वाटतं.

तपासायचं कसं? बायोसमध्ये पंपाचे फेरे बघा. शून्य असेल तर दोष इथेच सापडला. फेरे दिसत असतील तर पीसीवर भार देऊन दोन्ही पाईपना हात लावा. पाणी नीट फिरत असेल तर दोन्हींच्या तापमानात हाताला जाणवण्याइतका फरक नसतो. एक चांगलाच गरम आणि दुसरा गार लागला तर प्रवाह अडलाय. नुसत्या बायोसच्या स्क्रीनवर बसूनही तापमान ८०-९० च्या घरात जात असेल तर पीसी लगेच बंद करा.

फेरे बरोबर दिसतात म्हणून पाणी फिरतंयच, असंही नाही. ब्लॉकच्या आत केसाएवढ्या बारीक खाचा असतात आणि त्या गाळाने बुजतात. कधीकधी दोष मूळ मालातच असतो: आर्क्टिकने लिक्विड फ्रीझर २ च्या काही कूलरांतलं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी रबरी चकती) सदोष निघाल्यावर २०२२ मध्ये ते बदलायचं किट मोफत दिलं होतं. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मॉडेलचं नाव आणि वॉरंटी तपासा. एआयओ उघडला की वॉरंटी बहुधा संपते.

पंप सगळ्यात वर नको

लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या बंद मार्गात, थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जमते. ती जागा रेडिएटरमध्ये असायला हवी. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाला लावला तर हवा पंपात शिरते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर झिजतो. वरच्या बाजूला लावला तर प्रश्नच नाही. पुढच्या बाजूला लावायचा असेल तर त्याची वरची कड पंपाच्या वर येईल असं बघा. जमल्यास पाईप खालून निघू द्या. नव्या कूलरचा सुरुवातीचा आवाज बहुधा आपोआप थांबतो. चार-पाच वर्षं वापरलेल्या कूलरमधून तो नव्याने यायला लागला तर वेगळा अर्थ घ्या: पाईपमधून पाणी अतिशय सावकाश उडून जातं आणि तेवढी हवा आत साठते. बहुतेक एआयओ पुन्हा भरता येत नाहीत. असा कूलर बदलायची तयारी ठेवा.

ब्लॉकखालचं पारदर्शक प्लास्टिक न काढता तो बसवणं ही जुनीच चूक, पण अजूनही होते. स्क्रूही एका बाजूने पूर्ण आवळू नका, तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळा.

आरओचं पाणी चालेल का?

स्वतः पाईप जोडून केलेल्या कस्टम लूपबद्दल हा प्रश्न नेहमी येतो. उत्तर आहे, नाही. आरओच्या किंवा बाटलीबंद पाण्यात क्षार उरतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, पण शेवाळ आणि गंज रोखणारं त्यात काहीच नसतं. नुसतं ते भरलं तर काही महिन्यांत पाईपच्या आतून बुळबुळीत थर धरू शकतो. पीसीसाठीचं तयार कूलंट घ्या, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये त्याच कामासाठी मिळणारं गंजरोधक आणि जंतुनाशक मिसळा. गाडीचं कूलंट तसंच ओतू नका. ते दाट असतं आणि त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. लहान मुलं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात तर ते नकोच. दुधाळ रंगाची कूलंट फोटोत देखणी दिसतात, पण त्यांतले कण खाली बसतात आणि त्याच बारीक खाचा बुजवतात. रोजच्या वापराला मी ती कधीच सुचवणार नाही.

याहून महागात पडते धातूंची सरमिसळ. ब्लॉक तांब्याचा आणि स्वस्त मिळाला म्हणून रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेतला, तर पाण्यातून दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाणी गढूळ होईपर्यंत हे लक्षातही येत नाही. कस्टम लूपमध्ये रेडिएटर तांब्या-पितळेचाच घ्या.

नागपूरचा मे, मुंबईचा जुलै

रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात विदर्भात खोलीतच ३८-४० अंश असतील, तर भाराखाली पाणी ५० च्या वर जाणारच. बऱ्याच एआयओंसाठी पाण्याची मर्यादा ६० अंशांच्या आसपास सांगितलेली असते. हिवाळ्यात ठीक चालणारा पीसी मेमध्ये अडखळला तर त्यात कूलरचा दोष नाही. प्रोसेसरची पॉवर लिमिट (तो जास्तीत जास्त किती वीज खेचेल ती मर्यादा) बायोसमध्ये थोडी उतरवा, रेडिएटरच्या पात्यांतली धूळ काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भन्नाट फिरू देऊ नका. डेझर्ट कूलरची खोली पीसीलाही सोसते, पण कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. बारीक तुषार आत गेले तर क्षार बोर्डावर बसतात.

मुंबई-कोकणातल्या लोकांना पावसाळ्यात पाईपवर दव धरेल अशी भीती असते. साध्या लूपमध्ये ते होत नाही, कारण पाणी हवेपेक्षा गार होतच नाही. कस्टम लूपच्या पाण्याच्या टाकीत बर्फ टाकायचा प्रयोग मात्र करू नका. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमायला लागतं.

गळती

कारखान्यात भरलेली यंत्रणाही जुनी झाली की गळू शकते. ॲपलच्या २००४ च्या लिक्विड कूलिंगवाल्या पॉवर मॅक जी५ पैकी काही मशीनांमध्ये पुढे हेच झालं. म्हणून अधूनमधून बाजूचं झाकण उघडून टॉर्चने सांधे बघा. कस्टम लूप भरल्यावर बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या सगळ्या केबल काढा, पॉवर सप्लायच्या २४ पिनी केबलला जंपर (बोर्डाशिवाय सप्लाय चालू करणारा जोड) लावा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून फक्त पंप रात्रभर चालवा.

पाणी सांडलंच तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, शटडाऊनची वाट बघू नका. भिजलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दोन दिवस वाळू द्या. ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून काढूनच वाळवा. खाली तिथेच ओल राहते.