स्टेअरिंगला स्पेसर लावताय? मग या चुका टाळा

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपुरातून सकाळी निघून थेट मुंबई गाठणारे खूप झाले, आणि त्या ७०१ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर गाडीत आपण नीट बसतो का नाही हे खांदे आणि मान बरोबर सांगतात. उंच माणसाचं दुखणं तर ठरलेलं आहे भाऊ, पायाच्या हिशोबानं सीट मागे घेतली की स्टेअरिंग लांब जाते आणि स्टेअरिंगच्या हिशोबानं पुढे घेतली की गुडघे डॅशबोर्डला लागतात. आपल्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग फक्त वर-खाली होते, पुढे-मागे होतच नाही, जुन्या गाड्यांत तर बरेचदा तेही नसते. मग कोणीतरी सांगते की स्पेसर टाक. वस्तू साधी आहे, बॉस किट (कंपनीचं स्टेअरिंग काढून त्या दांड्यावर दुसरं बसवायला लागणारा जोड) आणि बाहेरून घेतलेलं स्टेअरिंग यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड रिंग, ती टाकली की स्टेअरिंग तेवढं तुमच्याकडे येते. साधी आहे म्हणूनच लोक घाईत बसवतात, पण पूर्ण गाडीचा ताबा त्या सहा बारक्या बोल्टवर राहतो हे विसरून चालत नाही.

सगळ्यात आधी एअरबॅगचं. तुमच्या स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हा विषय तुमच्यासाठी इथंच संपला. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रत्येक नवीन कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे नव्या गाडीवाल्यांनी दुकानदार कितीही म्हणो की वायर लांब करून देतो, ऐकायचं नाही. छाती आणि एअरबॅगच्या कव्हरमध्ये निदान २५ सेंटीमीटर अंतर पाहिजे असं सांगतात आणि स्पेसर नेमकं तेच अंतर खातो. वरून स्टेअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग राहते, गुंडाळलेली चपटी केबल, ती मधल्या पोझिशनवरून हलली किंवा ताणली की एखाद्या वळणावर तुटते, मग एअरबॅगचा लाइट पेटलेला राहतो आणि धडकेच्या वेळी बॅग उघडेल याची खात्री राहत नाही. अशा गाडीत सीटची उंची, पाठीचा कोन, स्टेअरिंगचा टिल्ट यातच काय ते जमवा. इथून पुढचं सगळं बिना एअरबॅगच्या गाड्यांसाठी, जिप्सी, जुनी ८००, एस्टीम, जुन्या जीप, ज्यात आधीच बॉस किट लावून दुसरं स्टेअरिंग बसवलेलं आहे.

दुसरी चूक म्हणजे माप न घेता स्पेसर आणणे. मित्राच्या गाडीत ५० मिलिमीटरचा आहे म्हणून आपणही ५० चा. असं नका करू. क्लच पूर्ण दाबा आणि गुडघा थोडा वाकलेला राहील अशी सीट लावा, आता पाठ आणि दोन्ही खांदे सीटला टेकवून हात सरळ स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवा. मनगट कडेवर आरामात टेकलं पाहिजे. बोटंच टेकत असतील तर मनगट आणि कड यांच्यामध्ये किती जागा राहिली ते मागे बसलेल्याला टेपनं मोजायला लावा, तेवढीच तुमची गरज. बरेचदा पाठ जरा सरळ केली की अर्धी जागा तिथेच भरून निघते आणि २५ मिलिमीटरमध्ये काम होते. जेवढा लहान स्पेसर तेवढं चांगलं, कारण लांबी वाढली की स्टेअरिंगचा प्रत्येक हादरा मोठा होऊन हातात येते. आणि कमी पडला म्हणून दोन स्पेसर एकावर एक चढवणे तर अजिबात नाही, प्रत्येक जोडावर थोडं थोडं ढिलं होण्याची जागा तयार होते.

माप घेताना अजून एक गोष्ट पाहा. स्टेअरिंगचा कॉलम, म्हणजे त्याचा दांडा, तिरपा राहतो, त्यामुळे स्पेसर टाकल्यावर स्टेअरिंग नुसतं जवळ येत नाही, थोडं वरही सरकते. मग त्याची वरची कड बरोबर स्पीडोमीटरच्या आड येऊ शकते. आणि इंडिकेटरची दांडी जागेवरच राहते, स्टेअरिंग मात्र पुढे आलं, म्हणजे बोटं पोचत नाहीत आणि प्रत्येक वळणावर हात सोडावा लागते. सीताबर्डीच्या गर्दीत संध्याकाळी हे करून पाहा म्हणजे कळेल. बोटं पोचत नसतील तर स्पेसर जास्त लांब झाला, लहान घ्या.

होलचं गणित तर खूप लोक चुकवतात. मोमो, स्पार्को, ओएमपी या कंपन्यांच्या स्टेअरिंगला साधारणपणे ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर सहा होल राहतात आणि नार्डीला ७४ च्या. फरक ४ मिलिमीटरचाच दिसते म्हणून काही जण कानस घेऊन होल लांबट करतात आणि बोल्ट कसेतरी घुसवतात. बसतेही. पण मग स्टेअरिंग मधोमध बसत नाही, फिरवताना कड डगमगते आणि जोर फक्त दोन-तीन बोल्टवर येते. दोन्ही होल असलेला स्पेसर किंवा अडॅप्टर मिळतो, तो घ्या, नाही मिळाला तर चांगल्या लेथवाल्याकडून बनवून घ्या. आणि थ्रीडी प्रिंट केलेला प्लास्टिकचा स्पेसर फोटोत कितीही छान दिसो, नागपुरात नको. पीएलए नावाचं जे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक आहे ते ६० डिग्रीच्या आसपास नरम पडते, आणि मे महिन्यात बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० च्या वर सहज जाते.

आता बोल्ट. बहुतेक ठिकाणी एम५ चे, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे, राहतात आणि इथं घाई करायचीच नाही. स्पेसरसोबत आलेला बोल्ट पुरेसा आत जातो का हे डोळ्यानं कळत नाही, बोटानं कळते. बोल्ट हातानं फिरवत आत घ्या आणि पूर्ण फेऱ्या मोजा, एम५ च्या एका फेरीत बोल्ट ०.८ मिलिमीटर आत जाते, म्हणजे १० फेऱ्या झाल्या की ८ मिलिमीटर. ॲल्युमिनियममध्ये निदान एवढं तरी पाहिजे. चार-पाच फेऱ्यांत टाइट झाला तर दोनच गोष्टी, एकतर बोल्ट आखूड आहे किंवा होलच्या तळाला टेकला आहे, आणि तळाला टेकलेला बोल्ट टाइट वाटते पण स्टेअरिंगला धरूनच ठेवत नाही. आटे वाकडे धरले तर लगेच काढा, जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे एका झटक्यात जातात. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळा, लहान एलन कीनं (षटकोनी चावीनं), लांब पाइप लावून नाही. निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, थेंबभर पुरते, लाल लावलं तर काढताना बोल्टचं डोकं खराब होईल.

हॉर्नचा त्रास सगळ्यात जास्त लोकांना होऊन राहिला आहे, म्हणून नीट सांगतो. स्पेसर लावला आणि हॉर्न बंद पडला तर आधी वायर पाहा, लांबी वाढली त्यामुळे ती ताणून टर्मिनलमधून निघालेली राहते. वायर ठीक असेल तर अर्थिंग पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नची अर्थिंग स्टेअरिंगच्या धातूतूनच जाते, आणि काळा ॲनोडाइज किंवा पावडर कोटिंग केलेला स्पेसर करंट जाऊ देत नाही. बोल्टच्या जागेवरचा रंग थोडा घासून टाका नाहीतर वेगळी अर्थिंग वायर द्या. उलट, गाडी चालू करताच हॉर्न वाजतच राहिला किंवा वळवतानाच वाजला तर वायर स्पेसरच्या कडेवर घासून सोलली आहे. फ्यूज काढा, वायरला स्लीव्ह घाला, मग पुढचं.

स्टेअरिंग तिरकं आलं तर सहा होलवाल्या जोडावर ते सरळ होत नाही, तिथं एक होल सरकवला की थेट ६० डिग्री फिरते. तिरकेपणा बॉस किट कॉलमवर बसवताना झालेला राहतो, समोरची चाकं सरळ ठेवून तिथेच दुरुस्त करावं लागते. आणि बॉस किट काढायला हातोडी नको! कॉलम धडकेत दबण्यासाठी बनवलेला असेल तर हातोडीनं त्याचे आतले जोड खराब होतात. पुलर (ओढून काढायचं औजार) वापरा आणि मधला नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे सुटलेलं स्टेअरिंग तोंडावर येणार नाही.

सगळं झाल्यावर गाडी उभी असतानाच स्टेअरिंग वर आणि खाली धरून पुढे-मागे हलवा. कटकट झाली तर स्पेसर आणि बॉस यांच्या जोडावर बोट ठेवून परत हलवा. बोटाखाली हालचाल लागली तर बोल्ट ढिले आहेत किंवा मध्ये माती, रंगाचा पापुद्रा अडकला आहे, उघडून पुसून परत बसवा. तिथं काही लागत नाही पण अख्खा कॉलम हलते, तर त्याची बुश (कॉलमला धरून ठेवणारी आतली रिंग) गेलेली आहे, ती आधीपासूनच गेलेली होती, आता लांबीमुळे दिसायला लागली. ती बदलल्याशिवाय वर्धा रोडला गाडी काढू नका. दोन्हीकडे पूर्ण लॉकपर्यंत फिरवून पाहा, इंडिकेटर आपोआप परत येते का पाहा, आणि आठवडाभर शहरातच चालवून एकदा सगळे बोल्ट परत तपासा, समृद्धीवर १२० चा विचार त्यानंतर.