घरून काम, घरात मूल आणि कमरेचा घेर

घरून काम सुरू झाल्यावर दोन्ही वेळची जेवणं बहुधा पूर्वीइतकीच राहतात, तरी सहा-आठ महिन्यांत जुन्या पँटचं बटण लागेनासं होतं. स्टेशनपर्यंतची चाल, पुलाचे जिने, दुपारी टपरीपर्यंतचा फेरा हे सगळं एकदम बंद झालेलं असतं आणि स्वयंपाकघर खुर्चीपासून दहा पावलांवर आलेलं असतं. त्यात घरात लहान मूल असेल, तर दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी खात असतं आणि वाढणारा हात तुमचाच असतो. म्हणून डाएटचा तक्ता फ्रिजवर चिकटवण्याआधी दोन जेवणांच्या मधलं खाणं आणि बंद पडलेलं चालणं, या दोन गोष्टी धरा. बाकीचं नंतर.

आधी टेप, मग काटा

वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये, आणि वजनाला उंचीच्या वर्गाने भागा. भारतीयांसाठी हा आकडा (बीएमआय) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. इंटरनेटवरच्या पाश्चात्त्य तक्त्यांतल्या २५ आणि ३० या रेषा आपल्याला सैल पडतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. उंची १६० सेंटिमीटर असेल तर २३ म्हणजे साधारण ५९ किलो आणि २५ म्हणजे ६४ किलो.

कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजायचा. नाडी बांधतो तिथे मोजू नका; सुटलेल्या पोटाखाली ती बरीच घसरलेली असते आणि आकडा उगीच सुखावणारा येतो. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

काट्यावर आठवड्यातून तीनदा उभं राहा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, आणि तिन्हींची सरासरी लिहून ठेवा. एका दिवसात किलोभर वरखाली होणं हा पाण्याचा खेळ असतो: आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, पाळीच्या आधीचे दिवस, न साफ झालेलं पोट. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर उत्तम, पाव किलोही वाईट नाही.

चार दिवसांची वही

पहिले चार दिवस खाण्यात काहीही बदलू नका. जेवण आणि नाश्ता सोडून जे तोंडात जाईल ते वेळेसह लिहा, चारपैकी एक दिवस रविवार असू द्या. मुलाच्या ताटलीतला घास, फोडणीची चव बघताना खाल्लेला चमचाभर ऐवज, डबा भरताना तोंडात टाकलेला काजू, सगळं. फोनच्या ॲपमध्ये भरायला गेलं तर दोन दिवसांत कंटाळा येतो. ओट्यावर लटकवलेली वही आणि पेन्सिल जास्त टिकते.

नोंद वाचली की बहुतेकांना तीन वेळा सापडतात: सकाळी मुलाचा डबा भरताना, दुपारी साडेचार-पाचला, आणि मूल झोपल्यावर. प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे.

मुलाचं उष्टं

हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अवघड खातं, कारण अन्न टाकायचं नाही हा संस्कार पक्का असतो आणि तो चुकीचाही नाही. पण हिशोब बघा. तूप लावलेली अर्धी पोळी, चार चमचे वरणभात आणि साखर घातलेल्या दुधाचे तळाचे दोन-तीन घोट मिळून पावणेदोनशे कॅलरींच्या आसपास जातात, म्हणजे दीड-पावणेदोन पोळ्या. रोज हे तुमच्या जेवणाच्या वर होतं.

मुलाला थोडंच वाढा. चार वर्षांच्या मुलाच्या ताटात पाव पोळी आणि दोन चमचे भाजी. हवं तर ते पुन्हा मागेल. ताट भरून दिलं की उरणार हे ठरलेलंच. जे पातेल्यात उरलं ते उष्टं नसतं, ते लगेच डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका. पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी कुस्करा होतो. आणि तरीही ताटात उरलंच, तर ते आधी स्वतःच्या ताटात घ्या आणि मग बाकीचं वाढून घ्या. अर्धी पोळी त्याची, तर आपली दीडच. यासाठी मुलाच्या नंतर किंवा मुलाबरोबर जेवावं लागतं. त्याच्या आधी जेवून बसलात तर ही युक्ती चालत नाही.

कॉल चालू असताना मुलाला गप्प बसवायला वेफर्सचं पाकीट हातात देणं सगळीकडे चालतं. त्यातून मूल एक गोष्ट पक्की शिकतं: आईचा किंवा बाबाचा कॉल म्हणजे खाऊ. त्याऐवजी फक्त कॉलच्या वेळी निघणारा एक डबा ठेवा, त्यात स्टिकर, खेळायची माती, ठोकळे, जुना कॅल्क्युलेटर. एरवी तो कपाटात, वर. रोज हाताशी राहिला तर आठवड्यात त्याची नवलाई संपते.

चहा आणि साडेचारची भूक

चहा घरी असल्यावर दोनाचे चार कप होतात. कपात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला ८ चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करणारे बहुतेक चौथ्या दिवशी परत येतात. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. महिनाभरात जीभ सरावते आणि मग बाहेरचा चहाच गोडमिट्ट लागतो. चारांतले दोन कप कोऱ्या चहाचे किंवा ताकाचे करा. मात्र चहापेक्षा त्याच्या सोबतीचं जास्त महाग पडतं. मूठभर शेव-फरसाण ३० ग्रॅम भरतं, दीडशेहून जास्त कॅलरी. खारी, टोस्ट, बिस्किटं यांच्यात पोट भरेल असं काही नसतं, त्यामुळे तासाभरात पुन्हा ओट्याकडे पाय वळतात.

सकाळी उठून मध-लिंबाचं गरम पाणी प्यायल्याने चरबी वितळत नाही. आवडत असेल तर प्या, पण त्या मधाच्याही कॅलरी मोजा.

साडेचारला तुम्हाला आणि मुलाला खरीच भूक लागलेली असते. ती टाळू नका, तिची तयारी दुपारीच करून ठेवा. ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू, मुगाचं एक धिरडं, उकडलेलं अंडं, वाटीभर मटकीची उसळ काकडी-कांदा घालून. दोघांनी एकच खावं. मुलासाठी नूडल्स आणि स्वतःसाठी फुटाणे असा बेत केला की नूडल्स तुम्ही अर्ध्या संपवताच. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना दाण्याचं कूट किंवा धिरडं द्या.

घरात आणलेलं संपतंच, म्हणून फरसाण किलोच्या हिशोबाने आणू नका. पारदर्शक बरण्या ओट्यावरून हलवा, चिवड्याचा डबा माळ्यावर जाऊ दे आणि खाताना वाटीत काढून खा. पाकिटात हात घालून खाल्लेलं किती झालं ते कोणालाच कळत नाही. दिवाळीच्या फराळालाही हेच. बेसनाचा लाडू खायचा तर एक वाटीत घ्या, बसून, चवीने खा. चाळीस ग्रॅमचा लाडू दोनशे कॅलरींच्या घरात जातो, पण तो एक असेल तर आठवडा बिघडत नाही.

तेलाचा डबा आणि ताट

तेल भाजीगणिक मोजणं कोणाला जमत नाही. महिन्यावर मोजा. दोन मोठी आणि दोन लहान माणसं असतील तर महिन्याला अडीच लिटर, म्हणजे माणशी रोज साधारण चार छोटे चमचे, तळणीसकट. डबा उघडला की त्यावर तारीख लिहा. विसाव्या दिवशीच संपला तर कुठे जातंय ते शोधा. बहुधा फोडणी थेट डब्यातून किंवा पळीने ओतली जात असते. कढईशेजारी चहाचा चमचा ठेवा. चौघांच्या भाजीला चार चमचे पुरतात, जाड बुडाची कढई आणि झाकणावर पाणी ठेवण्याची जुनी पद्धत वापरली तर भाजी खाली लागत नाही.

ताटात सर्वांत जास्त कमी पडतात ती प्रथिनं. पातळ आमटीत चौघांना मिळून ८० ग्रॅम डाळ पडते, म्हणजे माणशी जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिनं, आणि मग भूक भातावर भागवली जाते. डाळ १२० ग्रॅम करा आणि आमटी दाट ठेवा. ६० किलोच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती अशी जमतात: दाट वरण किंवा उसळीच्या दोन वाट्या १४, चार पोळ्या १२, वाटीभर दही ५, ग्लासभर दूध ६, दोन अंडी १३. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोया चंक्स किंवा ६०-७० ग्रॅम पनीर.

निम्मं ताट भाजी, पालेभाजी आणि कोशिंबिरीचं. बटाटा या निम्म्यात धरायचा नाही. कोशिंबिरीत दाण्याचं कूट डोंगराएवढं घालू नका. एका मोठ्या चमच्याला ५० कॅलरी पडतात.

भाकरीने वजन उतरतं असं सरसकट सांगतात. ज्वारीची एक भाकरी ६० ग्रॅम पिठाची, म्हणजे दोन लहान पोळ्यांएवढी. दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी घ्या, दोन नव्हे. संकष्टी-एकादशीचंही तसंच: शेंगदाणे, तूप, बटाटा घातलेली ताटलीभर साबुदाण्याची खिचडी साडेचारशे-पाचशे कॅलरींची असते आणि तिच्यात प्रथिनं नावालाच. उपवास करायचाच तर वरीचे तांदूळ, दही आणि फळ जास्त बरं.

जेवण लॅपटॉपसमोर नको. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये एक ते दीड ही वेळ अडवून ठेवा, नाहीतर तिथे कोणीतरी मीटिंग टाकतंच.

चालणं परत आणा

एक तासाचा वेळ एकत्र मिळेल याची वाट बघू नका, लहान मूल असताना तो मिळत नाही. १५ मिनिटांचे तीन तुकडे करा: मुलाला स्कूल बसवर सोडून परस्पर एक फेरी, दुपारच्या जेवणानंतर एक, संध्याकाळी मूल खाली खेळताना एक. १५ मिनिटांत दीड हजार पावलं होतात. संध्याकाळी बाकावर बसून फोन बघण्याऐवजी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारा, मूल नजरेसमोरच राहतं. जेवणानंतरची फेरी सोडू नका. ती रक्तातली साखर आटोक्यात ठेवते आणि तीन वाजताची पेंगही कमी करते. ज्या कॉलवर फक्त ऐकायचं असतं तो इअरफोन लावून चालत घ्या.

आठवड्यातून दोन-तीनदा २० मिनिटं ताकदीचा व्यायाम. खुर्चीवरून उठबस १०, ओट्याच्या कडेवर हात टेकून जोर १०, उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं १२, दप्तरात तीन-चार किलो तांदूळ भरून, कमरेत वाकून, ते पोटाकडे ओढणं १०. प्रत्येकाचे तीन फेरे. खुर्ची चाकाची नको, लाकडी घ्या आणि भिंतीला टेकवा. उठताना गुडघे आत वळले तर पायांत अंतर वाढवा. सूर्यनमस्कार छान, पण दिवसभर टायपिंग करणाऱ्यांची मनगटं त्यात लवकर दुखतात. दुखली तर ओट्याच्या जोरांवर राहा.

बाळंतपणानंतर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हे सुरू करू नका. झोपून उठताना पोटाच्या मध्यावर उभा फुगवटा दिसत असेल तर पोटाचे व्यायाम टाळा, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. अंगावर पाजणाऱ्या आईने तर जेवण कापूच नये. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. तिने बिस्किटं-फरसाण कमी करावं, इतकंच.

आणि हे सगळं तेव्हाच जमतं, जेव्हा घरातला दुसरा मोठा माणूस तेवढी २० मिनिटं मुलाला सांभाळतो. तेही ठरवून घ्या, वारांसकट.

मूल झोपल्यावर

रात्री दहा ते बारा ही सर्वांत धोक्याची वेळ. दिवसभरात स्वतःला मिळालेला हा पहिला निवांतपणा असतो, हातात फोन असतो आणि शेजारी चिवडा येतो. त्यात मुलाबरोबर आठला थोडं आणि परदेशी टीमचा कॉल संपवून दहाला पुन्हा असं दोनदा जेवण होतं. आठलाच पूर्ण जेवा. कॉलनंतर भूक लागली तर बिनसाखरेचं दूध किंवा फळ. जेवणानंतर ओटा पुसून स्वयंपाकघराचा दिवा मालवा, मध्येच उठून जाणं कमी होतं. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळकट हवंसं वाटतं. बाळ रात्री उठतं अशा घरांत सात तास सलग मिळत नाहीत. तिथे निदान तो फोनचा तास तरी वाचवा.

मुलासमोर “मी जाड झाले”, “आज पाप केलं” असं बोलू नका आणि मुलाला काट्यावर उभं करून भावंडांशी तुलना करू नका. त्याच्या वजनाची काळजी वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांच्या वाढीच्या तक्त्यावर बघा.

तीन-चार आठवडे सरासरी अजिबात हलली नाही तर जेवण आणखी कापण्याआधी चार दिवसांची वही पुन्हा लिहा. नेहमी तेल, उष्टं किंवा रविवार यांतलं काहीतरी सैल झालेलं सापडतं. वही स्वच्छ असूनही वजन वाढत असेल, सोबत थकवा, केस गळणं किंवा अनियमित पाळी असेल, तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून डॉक्टरांना भेटा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवण कमी करण्याच्या आधीच भेटावं. डोस तोच ठेवून खाणं घटवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.