अंडाशयाचा कर्करोग आणि इंटरल्युकिन: थीसिसला बसण्याआधी या चुका टाळा

सिनॉप्सिसचे (थीसिसच्या आराखड्याचे) दिवस आले की बेळगावात हमखास एक विषय परत परत समोर येतो: अंडाशयाच्या कर्करोगात इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ किंवा असंच एखादं रोगप्रतिकारक संदेशवाहक प्रथिन मोजायचं आणि कुठली बाई जास्त जगेल ते सांगायचं. विषय चांगला आहे. पण पीजी मंडळी (एमडी-एमएस करणारे डॉक्टर) माझ्याकडे येतात ती तपासणीचं किट संपल्यावर. "सर, रीडिंग झाली आहेत, तेवढं सर्व्हायव्हल बघून द्या की." त्या वेळी बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

रक्त वेळेत न फिरवणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर. नळीत काढलेलं रक्त मेलेलं नसतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी तासन् तास काम करत राहतात आणि इंटरल्युकिन-८ बाहेर टाकत राहतात. रक्त फिरवून त्यातला द्रव वेगळा करायला, म्हणजे सेंट्रिफ्यूजला, उशीर झाला की तुम्ही जे मोजता त्यात गाठीचा वाटा किती आणि जीपमधल्या प्रवासाचा किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

एका पीजीचा आलेख मला अजून आठवतो. पोरगी मेहनती, नोंदवही स्वच्छ. इंटरल्युकिन-८ जास्त असलेल्या बायका लवकर गेल्या होत्या, पी-व्हॅल्यूही (फरक निव्वळ योगायोगानं दिसू शकतो का हे जोखणारा आकडा) हवी तशी आली होती, गाईड खूश. मी तिला एवढंच म्हटलं, "एक्सेलमध्ये गावाचा रकाना घाल." घातल्यावर दिसलं की वरचे आकडे बहुतेक लांबच्या बायकांचे: चंदगडकडच्या, खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, रायबागकडच्या. त्यांचं रक्त तालुक्याच्या शिबिरात सकाळी काढलेलं, आणि दुपारी गाडी परत येईल तेव्हा लॅबमध्ये पोचलेलं, तेही बर्फाशिवाय. शहरातल्या बायकांचं रक्त ओपीडीत काढून लगेच फिरवलेलं. आता लांबची बाई दवाखान्यात येते तीच पोट पाण्यानं फुगल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या स्टेजला. ती लवकर जाते ती त्यामुळे. तिचा इंटरल्युकिन वाढलेला दिसतो तो बराचसा नळी पडून राहिल्यामुळे. दोन्हींचं मूळ अंतरात, आणि थीसिसमध्ये त्याला नाव मिळालं होतं 'स्वतंत्र प्रोग्नॉस्टिक मार्कर', म्हणजे रुग्ण किती जगेल हे स्वतःच्या बळावर सांगणारी खूण. उशिरा फिरवलेल्या नळ्या बाजूला काढल्या तेव्हा जास्त आणि कमी इंटरल्युकिनवाल्या बायकांच्या जगण्याच्या दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. गाईड आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

माझी सवय साधी आहे. नळीवर मार्करनं दोन वेळा लिहायच्या, रक्त काढल्याची आणि फिरवल्याची. दुसरी वेळ नसेल तर नळी कचऱ्यात, मग ती कुणाच्याही ओळखीच्या रुग्णाची असो. एका तासाच्या आत फिरवायचं, छोटे भाग करून उणे ऐंशीला ठेवायचं, आणि एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. फ्रीझरच्या दारावर लाईट गेल्या-आल्याची नोंद हवी. आपल्याकडे पावसाळ्यात ती किती कामाला येते हे सांगायला नको.

काही रुग्णांचं सीरम (रक्त गोठल्यावर उरलेला द्रव) आणि काहींचं प्लाझ्मा (रक्त न गोठू देता वेगळा केलेला द्रव) असं एकत्र करू नका. रक्त गोठताना प्लेटलेटमधून व्हीईजीएफ आणि सीसीएल-५ हे संदेशवाहक रेणू सुटतात, त्यामुळे सीरममध्ये ते जास्तच दिसणार. आणि रक्त ऑपरेशनच्या आधी घ्या. सर्जननं पोट उघडलं की काही तासांत इंटरल्युकिन-६ वर चढतो. त्याचं श्रेय गाठीला देऊ नका.

निकाल बघून कट-ऑफ ठरवणं

ही दुसरी आवडती चूक, आणि घाईचं पोर हमखास इथंच सापडतं. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, प्रत्येक ठिकाणी रेषा मारून बघायची, आणि जिथं पी-व्हॅल्यू सगळ्यात लहान तिथं 'हाय' आणि 'लो' असे गट पाडायचे. हे म्हणजे पेपर तपासून झाल्यावर, आपला मुलगा पास होईल अशी मार्कांची रेषा आखणं. संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं होतं की अशा शोधाशोधीत खोटा निकाल खरा वाटण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास जाते. तरी आजही ऑनलाईन प्लॉटरमध्ये (जगण्याचे आलेख काढून देणाऱ्या वेबसाइटवर) 'सर्वोत्तम कट-ऑफ आपोआप निवडा' या पर्यायावर टिचकी मारून लोक मोकळे होतात. वर त्या प्लॉटरमधला डेटा बहुतेक वेळा एमआरएनएचा (प्रथिन बनवायच्या पेशीतल्या निरोपाचा) असतो आणि यांनी मोजलेलं असतं सीरममधलं प्रथिन.

गट पाडायचेच असतील तर मीडियन (मधोमधचा आकडा) वापरा आणि ते सिनॉप्सिसमध्ये आधी लिहून सही घ्या. मला विचाराल तर गट पाडूच नका. लॉग घ्या आणि आकडा न तोडता कॉक्स मॉडेलमध्ये (अनेक घटकांचा जगण्यावरचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या गणितात) घाला. मॉडेलमध्ये वय, फिगो स्टेज (आजार किती पसरला त्याचा टप्पा) आणि ऑपरेशननंतर उरलेली गाठ हे तिन्ही असलेच पाहिजेत. ढोबळ हिशोब असा की प्रत्येक व्हेरिएबलमागे (मॉडेलमधल्या घटकामागे) किमान दहा मृत्यू हवेत. रुग्ण मोजू नका, मृत्यू मोजा. चाळीस रुग्ण आणि बारा मृत्यू असतील तर सहा व्हेरिएबलचं टेबल छापायला काही अडत नाही, पण त्यावर विश्वास कुणी ठेवायचा?

बाकीच्या, थोडक्यात

पोटाचा टीबी विसरू नका. पोटात पाणी, गोळा आणि वाढलेलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात बघतात ते रक्तातलं प्रथिन) हे चित्र तोही हुबेहूब उभं करतो, आणि इंटरल्युकिन-६ व सीएक्ससीएल-१० (असंच आणखी एक संदेशवाहक प्रथिन) त्यातही वाढतात. हिस्टॉलॉजी (गाठीच्या तुकड्याचा सूक्ष्मदर्शकाखालचा रिपोर्ट) हातात आल्याशिवाय कुणाला कर्करोगाच्या गटात टाकू नका. सोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) करून ठेवा.

क्लिअर सेल आणि हाय-ग्रेड सीरस हे कर्करोगाचे दोन प्रकार एकाच पिशवीत नको. क्लिअर सेलमध्ये इंटरल्युकिन-६ मुळातच जास्त असतो आणि त्या आजाराची चालही वेगळी.

पोटातल्या पाण्यात सायटोकाईन (हीच संदेशवाहक प्रथिनं) रक्ताच्या कितीतरी पट असतात. न पातळ करता एलायझाला (प्रथिन मोजायच्या चाचणीला) लावलंत तर प्लेट वरच्या टोकाला जाऊन अडकणार.

मेलेल्या रुग्णांची सॅम्पल एका प्लेटवर आणि जिवंत असलेल्यांची दुसऱ्या प्लेटवर लावणारे लोक मी पाहिले आहेत. मग प्लेट-प्लेटमधला फरकच आजाराचा वाटतो. चिठ्ठ्या टाका, पण मिसळा.

२००३ चा न्यू इंग्लंड जर्नलमधला पेपर प्रत्येक प्रस्तावनेत असतो: १८६ रुग्ण, गाठीत टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असलेल्यांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३८ टक्के, नसलेल्यांत ४.५. तो अभ्यास गाठीच्या आत शिरलेल्या पेशींचा आहे. तुमच्या सीरमच्या आकड्याला त्याचा आधार मिळत नाही.

आणि रुग्ण किती जगेल हे सांगणारा मार्कर कुठलं औषध लागू पडेल हेही सांगेलच असं नाही. अ‍ॅटेझोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पीडी-एल१ पॉझिटिव्ह (या औषधाचं लक्ष्य असलेलं प्रथिन गाठीत असलेल्या) बायकांनाही त्या औषधानं आजार आटोक्यात राहण्याचा काळ लक्षणीय वाढला नाही.

सीमेपलीकडचे मृत्यू

हा घोळ खास आपल्याकडचा. चंदगड किंवा गडहिंग्लजची बाई उपचाराला बेळगावात येते, शेवटच्या दिवसांत माहेरी जाते, आणि मृत्यूची नोंद महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत होते. इकडच्या फाईलवर नाव कन्नडमधून इंग्रजीत आलेलं, तिकडच्या दाखल्यावर मराठीत, मधलं नाव कधी नवऱ्याचं तर कधी वडिलांचं. मग पीजी लिहितो 'संपर्क तुटला', आणि विश्लेषणात ती त्या तारखेपर्यंत जिवंत म्हणून सेन्सॉर होते, म्हणजे तिचा पुढचा हिशोब सोडून दिला जातो. घरी जाऊन वारलेल्याच बायका अशा गळतात, त्यामुळे जगण्याची रेषा खोटी वर राहते.

पहिल्याच दिवशी तीन नंबर घ्या: नवऱ्याचा, माहेरच्या भावाचा आणि गावच्या आशाताईचा. संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत ठेवा, आणि फोन करायला दोन्ही भाषा येणारा माणूस बसवा. 'शेवटचा संपर्क' या रकान्यात थीसिस जमा करायची तारीख भरू नका. ती बाई जिवंत असल्याचं शेवटचं ज्या दिवशी कळलं, ती तारीख भरा.